पापबलीचा अर्थ आणि ज्युबिलीचें शिंग

(ज्युबिलीनिमित्त मंद्रूप येथें धर्मग्रामांतील मंडळींपुढें दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पापाविषयीं बोलणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. मांडव घातला आहे, पताका लागल्या आहेत, परगांवीं गेलेले नातलग घरीं आले आहेत. अशा वेळीं वक्त्यानें आनंदाच्या चार गोष्टी सांगाव्या आणि खालीं बसावें, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि ज्या शब्दानें हा उत्सव ओळखला जातो तो शब्दच आपणांस या विषयाकडे घेऊन जातो. "ज्युबिली" हा शब्द हिब्रू भाषेंतील "योबेल" या शब्दापासून निघाला. योबेल म्हणजे मेंढा, आणि त्यावरून मेंढ्याचें शिंग. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें मोजून झाल्यावर पन्नासाव्या वर्षीं देशभर शिंग फुंकावें, दास्यांत पडलेल्यांना मोकळें करावें आणि गरजेपोटीं विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन ज्याची त्याला परत द्यावी.

आतां हें शिंग कोणत्या दिवशीं फुंकावयाचें? सुगीचा मांडवांचा सण अवघ्या पांच दिवसांवर आला असे. त्या आनंदाच्या सणास तें फुंकलें असतें तर कोणासहि नवल वाटलें नसतें. परंतु आज्ञा तशी नाहीं. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशीं, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशीं, तें फुंकावें, असें शास्त्र सांगतें. आधीं पापाचें क्षालन, मग शिंगाचा नाद. हा क्रम ज्यानें ओळखला नाहीं त्यास ज्युबिलीचा अर्थ कळला नाहीं, असें मीं म्हटलें तर तें धाडसाचें होणार नाहीं. म्हणून प्राचीन इस्राएल लोकांच्या उपासनेंतील पापबलीचा अर्थ काय, आणि त्याचा आपल्याशीं संबंध कोणता, याचा आज थोडा विचार करूं.

बळी म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. देव कोपला आहे. त्यास कांहीं तरी दिलें पाहिजे. दिलें म्हणजे तो शांत होईल. जणूं एखाद्या अंमलदाराच्या हातांत गुपचूप कांहीं ठेवावें आणि आपलें प्रकरण मिटवून घ्यावें. इस्राएलाच्या पवित्र शास्त्राला ही कल्पना मुळींच मान्य नाहीं. रानांतील सर्व पशु आणि डोंगरांवरील सर्व गुरें ज्याचीं आहेत, त्याला बोकडाची भूक लागेल कशी, असा प्रश्न स्तोत्रकर्ता उघडपणें विचारतो. पापबली ही मनुष्यानें देवाला दिलेली लाच नव्हती. देवाजवळ परत येण्यासाठीं देवानेंच मनुष्याला करून दिलेली ती वाट होती. लेवीय ग्रंथाच्या सतराव्या अध्यायांत तर देव म्हणतो कीं, वेदीवरचें रक्त मींच तुम्हांस दिलें आहे. देणारा तो, आपण केवळ घेणारे. हा एक भेद नीट लक्षांत ठेवला म्हणजे पुढील सर्व विधि उलगडत जातो.

लेवीय ग्रंथाच्या आरंभीं पांच प्रकारचीं अर्पणें सांगितलीं आहेत: होमबली, अन्नबली, शांत्यर्पण, पापबली आणि दोषबली. त्यांतील पापबलीला हिब्रू भाषेंत "हत्तात" म्हणतात. नेम चुकणें, वाट चुकणें, या अर्थाच्या धातूपासून हा शब्द निघाला आहे. मौजेची गोष्ट अशी कीं, पाप आणि पापासाठीं केलेलें अर्पण या दोहोंनाहि हिब्रू भाषेंत हा एकच शब्द आहे. ही गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. पुढें तिचें फार काम पडणार आहे.

हा बली कोणत्या पापासाठीं? मुख्यतः अजाणतां घडलेल्या पापासाठीं. नियम ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून विसर पडला, आणि मागाहून ध्यानांत आलें, अशा पापासाठीं. जो मूठ वर करून, देवाला न जुमानतां, उघड उघड पाप करतो, त्याच्यासाठीं गणना ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांत कोणताच बली सांगितलेला नाहीं. अपराध करावा आणि नंतर एक बकरी नेऊन सुटावें, अशी पळवाट इस्राएलाच्या धर्मांत नव्हती.

आतां विधि पाहूं. पाप ध्यानांत आलें कीं मनुष्य आपल्या कळपांतील निर्दोष पशु घेऊन दर्शनमंडपाच्या दाराशीं येई. लंगडें, आंधळें, रोगट जनावर चालत नसे. तो आपला हात त्या पशूच्या डोक्यावर ठेवी. म्हणजे हें अर्पण माझें आहे, दुसऱ्या कोणाचें नव्हे, असें सर्वांदेखत सांगे. त्यानंतर, आणि येथें आपण क्षणभर थांबावें, तो स्वतःच्या हातानें त्या पशूचा वध करी. याजक तें काम त्याच्यासाठीं करीत नसे. आपल्यापैकीं ज्यांनीं घरीं शेळी बाळगली आहे, तिला चारा घातला आहे, तिचीं करडें मांडीवर घेतलीं आहेत, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. पापाची किंमत पोथींत वाचून कळत नाहीं. हाताला रक्त लागलें म्हणजे कळते. पुढें याजक तें रक्त घेऊन वेदीच्या शिंगांना लावी, उरलेलें वेदीच्या पायथ्याशीं ओती आणि चरबीचा होम करी. मग त्या मनुष्यास क्षमा होई, असें शास्त्र प्रत्येक वेळीं पुन्हा पुन्हा सांगतें.

सर्वांचा बली मात्र सारखा नव्हता. अभिषिक्त याजकानें पाप केलें तर त्यानें गोऱ्हा आणावा. सर्व मंडळीनें पाप केलें तर तिनेंहि गोऱ्हा आणावा. सरदाराने बोकड आणावा. सामान्य मनुष्यानें बकरी किंवा कोकराची मादी आणावी. ज्यास तेंहि परवडत नाहीं त्यानें कांहीं विशिष्ट पापांसाठीं दोन होले किंवा पारव्याचीं दोन पिलें आणावीं. आणि ज्यास पाखरेंहि मिळत नाहींत त्यानें काय करावें? त्यानें एका एफाचा दहावा भाग, म्हणजे आजच्या मापानें सुमारें २ लिटरच्या भांड्यांत मावेल इतकें सपीठ आणावें. त्यावर तेल नको, धूप नको. याजक त्यांतील मूठभर घेऊन वेदीवर जाळील, आणि त्याहि मनुष्यास क्षमा होईल.

बंधुभगिनींनो, आपला हा सोलापूर जिल्हा अवर्षणाचा आणि शाळवाचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या घरांतून अजून सांगितल्या जातात, त्या घरांना पसाभर पिठाचें मोल वेगळें सांगावें लागत नाहीं. देवाच्या वेदीपाशीं गोऱ्ह्याला जी क्षमा मिळे तीच पिठाला मिळे. पिठाला दुय्यम प्रतीची क्षमा नव्हती. मात्र उलटहि तितकेंच खरें. ज्याला गोऱ्हा आणणें प्राप्त होतें त्यानें पीठ आणून भागत नसे. जितका अधिकार मोठा, तितकें प्रायश्चित्त मोठें. आजच्या जगांत अनेकदां याच्या उलट चालतें. लहानाला दंड आणि मोठ्याला सवलत. देवाच्या मंदिरांतील तराजू निराळा होता.

या नियमाची एक खूण आपल्या प्रभूच्याच घरांत सांपडते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत, बाळ येशूला मंदिरांत आणलें त्या वेळीं, त्याच्या मातापित्यांनीं कोंकरूं नव्हे तर पाखरांची जोडी अर्पिली, असें लिहिलें आहे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठीं शास्त्रानें एक कोंकरूं होमबलीसाठीं आणि एक पाखरूं पापबलीसाठीं सांगितलें होतें. कोंकरूं परवडत नसेल तर दोन पाखरें, अशी गरिबांना सवलत होती. जगाचा तारणारा ज्या घरांत वाढला तें घर त्या सवलतीचें धनी होतें.

येथें एक शंका निघेल. पवित्र मरीयेनें असें कोणतें पाप केलें होतें कीं तिनें पापबली आणावा? मूल होणें हें तर कोणत्याहि मातेचें पाप नव्हे. शंका योग्य आहे, आणि तिच्या उत्तरांतच या विधीचें मर्म आहे. जेकब मिलग्रोम (१९२३–२०१०) या थोर यहुदी पंडितानें १९७१ सालीं एका निबंधांत असें मांडलें कीं, "हत्तात" याचा खरा अर्थ "शुद्धीचें अर्पण" असा घ्यावा. बाळंतीण हें अर्पण आणते. नाजीराचें व्रत यथास्थित पुरें करणारा मनुष्यहि हें अर्पण आणतो. इतकेंच काय, नव्या वेदीची प्रतिष्ठापना करतांनाहि हाच बली अर्पावा लागतो. वेदी कोठें पाप करते? तेव्हां या अर्पणाचें मुख्य काम शिक्षा देणें हें नसून शुद्ध करणें हें आहे.

आणि शुद्ध काय करावयाचें? या पंडिताचें म्हणणें असें कीं, रक्त मनुष्यास लावीत नसत; तें वेदीला आणि पवित्रस्थानाला लावीत. मनुष्याच्या पापानें देवाचें घर मळतें, आणि मळलेल्या घरांत पवित्र देव फार काळ राहत नाहीं. चूल घराच्या एका कोपऱ्यांत असते, परंतु तिची काजळी आढ्यापर्यंत चढते. पापाचेंहि तसेंच आहे. सामान्य मनुष्याच्या किंवा सरदाराच्या पापाची काजळी अंगणांतील वेदीपर्यंत जाते, म्हणून तेथील शिंगांना रक्त लावावयाचें. याजकाच्या किंवा सर्व मंडळीच्या पापाची काजळी आंत पवित्रस्थानांत शिरते, म्हणून अंतरपटासमोर सात वेळां रक्त शिंपडावयाचें आणि धूपवेदीच्या शिंगांना लावावयाचें. जाणूनबुजून केलेल्या पापाची काजळी तर अंतरपटाच्याहि आंत, परमपवित्रस्थानापर्यंत पोंचते. माझें पाप माझ्यापुरतें, त्याचा दुसऱ्यास काय उपद्रव, असें आपण सहज म्हणतों. लेवीय ग्रंथ म्हणतो, तसें नाहीं. एकाच्या पापानें सर्वांचें देऊळ काळवंडतें. सर्व पंडितांस हें मत जसेंच्या तसें मान्य आहे असें नव्हे. परंतु त्यांतील बोध आपल्या उपयोगाचा आहे.

आतां पापबलीचा सख्खा भाऊ जो दोषबली, त्याच्याकडे वळूं. एखाद्यानें शेजाऱ्याची ठेव नाकारली, लुबाडणूक केली, मजुरास किंवा दुबळ्यास नाडलें, सांपडलेली वस्तु दडवून खोटी शपथ वाहिली, तर त्यानें काय करावें? लेवीय ग्रंथाचा सहावा अध्याय क्रम स्पष्ट सांगतो. आधीं ज्याचें घेतलें त्याला मुद्दल परत द्यावें; त्यावर पांचवा हिस्सा जास्त द्यावा, म्हणजे शंभरास एकशें वीस; आणि मग मेंढा घेऊन देवापुढें यावें. आधीं शेजारी, मग वेदी. आपल्या प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत हेंच सांगितलें कीं, भावाच्या मनांत तुझ्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें तर अर्पण वेदीपुढें तसेंच ठेव, आधीं समेट कर आणि मग ये. जक्कय तर पांचव्या हिश्श्यावर थांबला नाहीं. त्यानें चौपट परत देण्याचें कबूल केलें.

आपण शेतकरी माणसें आहों. शेजाऱ्याचा बांध दरसाल वीतभर कोरणारा मनुष्य रविवारीं वेदीपुढें गुडघे टेकतो, असें दृश्य या देशांत कोठेंच दिसत नाहीं काय? भावाभावांतील वाटणींत बहिणीचा हक्क गिळणारा, रोजगाऱ्याची मजुरी सणापर्यंत अडकवून ठेवणारा, आणि सणाला मात्र मेणबत्त्यांचा जुडगा लावणारा मनुष्य आपणांस कोठें भेटलाच नाहीं काय? लेवीय ग्रंथ अशा मनुष्यास सांगतो, तुझा मेंढा तूर्त दारांतच राहूं दे. आधीं बांध पूर्ववत् कर.

सर्व मंडळीच्या पापाविषयीं मीं वर ओझरता उल्लेख केला. चौथ्या अध्यायांतील ती तरतूद विलक्षण आहे. सगळी मंडळी मिळून चुकते, आणि चुकली हें तिच्या ध्यानांतहि येत नाहीं. सर्वच जण तसें वागतात म्हणून कोणासच तें पाप वाटत नाहीं. असें घडतें काय? या महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहावें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं महाड येथील चवदार तळ्यावर हजारों माणसें पाणी प्यालीं. त्यानंतर तें तळें पंचगव्यानें "शुद्ध" करण्यांत आलें. शुद्धि कशाची व्हावयास हवी होती, तळ्याची कीं मनाची? परंतु हें बोट दुसऱ्याकडे दाखवून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. २०१६ सालीं भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेनें दलित बांधवांविषयींचें धोरण प्रसिद्ध केलें, तेव्हां ख्रिस्तसभेंतहि हा भेदभाव आहे, हें तिला कबूल करावें लागलें. एका भाकरींत सहभागी होणारीं माणसें सोयरीक जुळवितांना, पंगत मांडतांना, स्मशानांत जागा देतांना वेगळीं होतात, तेथें काजळी अंतरपटापर्यंत पोंचली असें समजावें.

पोप जॉन पॉल दुसरे यांनीं २००० सालच्या महाज्युबिलींत, १२ मार्च रोजीं, रोम येथें संत पेत्राच्या महामंदिरांत, ख्रिस्तसभेच्या पुत्रकन्यांनीं शतकानुशतकें केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. त्यांत इस्राएल लोकांविरुद्ध झालेल्या अपराधांचाहि उल्लेख होता. त्याच महिन्यांत ते यरुशलेमेस गेले आणि प्राचीन मंदिराच्या पश्चिम भिंतीच्या फटींत क्षमायाचनेचा कागद त्यांनीं स्वहस्तें ठेवला. ज्युबिली आणि प्रायश्चित्त यांची जी गांठ लेवीय ग्रंथानें मारली होती, ती या वृद्ध धर्मपित्यानें पुन्हा आपणांस दाखविली.

त्या प्रायश्चित्ताच्या दिवशीं काय घडत असे? वर्षांतून एकदांच, महायाजक आपलीं सोनेरी वस्त्रें उतरवून साधीं तागाचीं पांढरीं वस्त्रें नेसे. प्रथम स्वतःच्या आणि स्वतःच्या घराण्याच्या पापांसाठीं तो गोऱ्हा अर्पी. कारण लोकांसाठीं मध्यस्थी करणाऱ्यानें आधीं स्वतःचें पाप ओळखलें पाहिजे. धूपाचा दाट धूर करून तो अंतरपटाच्या आंत जाई आणि दयासनावर व त्यासमोर रक्त शिंपडी. मग मंडळीनें दिलेले दोन बोकड. त्यांवर चिठ्ठ्या टाकीत. एक परमेश्वरासाठीं, तो पापबली होई, आणि त्याच्या रक्तानें पवित्रस्थान शुद्ध करण्यांत येई. दुसरा "अजाजेल"साठीं. त्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवी, इस्राएलाचीं सर्व पापें मोठ्यानें कबूल करी, आणि नेमलेला मनुष्य त्या बोकडास दूर ओसाड रानांत नेऊन सोडी.

आपल्या मराठींत "बळीचा बकरा" म्हणून एक शब्द रूढ आहे. दुसऱ्याचा दोष ज्याच्या माथीं मारला जातो त्यास आपण बळीचा बकरा म्हणतों. लेवीय ग्रंथ वाचतांना हे दोन बोकड एक करूं नयेत. ज्याचा बळी गेला त्याच्यावर पापें कबूल केलीं नाहींत. ज्याच्यावर पापें कबूल केलीं त्याचा वेदीवर बळी गेला नाहीं. एकानें देवाचें घर धुतलें. दुसऱ्यानें पापें गांवाबाहेर नेलीं. आणि आणखी एक भेद. आपण ज्याला बळीचा बकरा करतों त्याच्यावर आपण आपलें पाप लपवून ढकलतों. महायाजक मात्र पापें लपवीत नसे; तो तीं नांव घेऊन, आपलींच म्हणून, कबूल करी.

रोमी सैन्यानें इसवी सन ७० मध्यें यरुशलेमचें मंदिर उध्वस्त केलें, आणि तेव्हांपासून यहुदी लोकांचे हे बली बंद पडले. मग पापक्षालन कसें व्हावें? त्या काळचे थोर गुरु योहानान बेन जक्काई यांनीं आपल्या शोकाकुल शिष्यास सांगितलें कीं, दयेचीं कृत्यें हेंच आपलें प्रायश्चित्त. यासाठीं त्यांनीं होशेय संदेष्ट्याचा आधार घेतला. पश्चात्ताप, प्रार्थना आणि दानधर्म यांवर त्या लोकांनीं आपला प्रायश्चित्ताचा दिवस आजतागायत सांभाळला आहे.

आणि हा दिवस सांभाळणारे लोक दूर कोठें पाहावयास नकोत. आपल्याच कोंकणांत, मराठी हीच ज्यांची मायबोली, असे बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहत आले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर, दिव्याचे ते दिवेकर, रोह्याचे ते रोहेकर, अशीं त्यांचीं आडनांवें. त्यांच्याजवळ दीर्घकाळ हिब्रू ग्रंथ नव्हते, याजक नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हतें. तरी प्रायश्चित्ताचा दिवस त्यांनीं सोडला नाहीं. त्याला ते दारफळणीचा सण म्हणत. त्या दिवशीं घराचीं दारें लावून घ्यावीं, पांढरीं वस्त्रें नेसावीं, उपास करावा आणि बाहेरच्या कोणाशीं व्यवहार ठेवूं नये, अशी चाल होती. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशीं दारें उघडीत, गोरगरिबांस दान देत आणि स्नेह्यांच्या भेटी घेत. त्यांचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या ग्रंथांत, जो १९३७ सालीं छापला गेला, या चालीरीती नमूद आहेत. पुढें १७९६ सालीं सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याच्या हिब्रू नांवाचा अर्थ "दयेचें द्वार" असा आहे. या समाजांतील बहुतेक कुटुंबें १९४८ नंतर इस्राएल देशांत जाऊन राहिलीं. परंतु ग्रंथ, मंदिर, वेदी सर्व हरपल्यावरहि एका लोकसमूहानें कोंकणांतील खेड्यापाड्यांतून पश्चात्तापाचा एक दिवस जपला, ही गोष्ट आपणां ख्रिस्ती लोकांस अंतर्मुख करणारी आहे. आपणांजवळ सर्व कांहीं आहे. आपला उपवासकाळ आपण कसा पाळतों?

बलीचा विधि कितीहि पवित्र असला तरी तो यांत्रिक होऊं शकतो, हा धोका संदेष्ट्यांनीं फार तीव्रतेनें ओळखला. पापबलीचें मांस याजकांनीं पवित्र ठिकाणीं खावें असा नियम होता. होशेय संदेष्टा यावर जळजळीत टीका करतो कीं, हे याजक माझ्या लोकांच्या पापावर पोसले जातात आणि त्यांच्या दुष्टाईची वाट पाहतात. पाप आणि पापबली यांस एकच शब्द आहे असें मीं आरंभीं सांगितलें. होशेयाचा घाव बरोबर त्या शब्दावर आहे. लोक जितकें पाप करतील तितकें ताटांत अधिक पडेल, अशी ज्यांची स्थिति, ते लोकांना सुधारतील कशाला? धर्मसेवा करणाऱ्या प्रत्येकानें, मग तो कोणत्याहि पदावर असो, हें वचन जपून ठेवावें.

राजा दावीदानें व्यभिचार केला आणि एका निरपराध सैनिकास मारविलें. असल्या पापासाठीं नियमशास्त्रांत बलीच नव्हता. म्हणूनच त्याच्या नांवानें असलेल्या पन्नासाव्या स्तोत्रांत, ज्यास हिब्रू गणनेनें एकावन्नावें म्हणतात, तो वेदीवर ठेवण्यास भग्न हृदयाखेरीज दुसरें कांहींच आणीत नाहीं. आणि यशया संदेष्टा, त्रेपन्नाव्या अध्यायांत, याहून पुढें जातो. दुःख सोसणारा एक सेवक तो दाखवितो, जो मुकाट्यानें वधाला जातो आणि आपला प्राणच दोषबली म्हणून देतो. येथें प्रथमच पशूच्या जागीं मनुष्य आला, आणि तोहि स्वखुषीनें.

प्रिय बंधुभगिनींनो, हे सर्व धागे कालवारी टेकडीवर एकत्र येतात. ज्या पापबलींचें रक्त पवित्रस्थानाच्या आंत नेलें जाई त्यांचें शरीर छावणीच्या बाहेर जाळीत. म्हणून येशूनेंहि वेशीच्या बाहेर मरण सोसलें, असें इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय सांगतो. महायाजक दरसाल परकें रक्त घेऊन आंत जाई. ख्रिस्त स्वतःचें रक्त घेऊन एकदांच गेला, आणि पुन्हा जाण्याची गरज उरली नाहीं. संत पौल म्हणतो कीं, ज्यास पाप ठाऊक नव्हतें त्यास देवानें आपल्यासाठीं पाप केलें. संत ऑगस्टीन यांनीं याचा उलगडा असा केला कीं, जुन्या करारांत पापासाठींच्या बलीलाच "पाप" म्हणत. तेव्हां ख्रिस्त आपला पापबली झाला. आरंभीं ज्या एका शब्दाची आठवण ठेवण्यास मीं सांगितलें, त्याचें प्रयोजन हें.

मग मिस्साबली काय आहे? तो कालवारीच्या बलीस जोडलेला दुसरा बली नव्हे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६२ सालीं शिकविलें कीं, बली तोच आणि अर्पण करणारा तोच. केवळ अर्पण्याची रीत निराळी, रक्तरहित. म्हणून आपण मिस्सेंत ख्रिस्ताला देवाचें कोंकरूं म्हणून हांक मारतों. आणि मूठ वर करून केलेल्या ज्या पापासाठीं मोशेच्या नियमांत बली नव्हता, त्यालाहि आतां पापनिवेदन संस्कारांत क्षमेचें द्वार उघडें आहे. तेथें बोकड नको, पाखरें नकोत, पीठहि नको. परंतु लेवीय ग्रंथांतील तीन गोष्टी तेथें जशाच्या तशा उभ्या आहेत. पाप आपलें म्हणून कबूल करावें, हा डोक्यावर ठेवलेला हात. पापाची किंमत मनाला लागावी, हा खरा अनुताप. आणि घेतलेलें परत करावें, हा मुद्दल व पांचवा हिस्सा.

आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यांत, हत्तरसंग-कुडल येथें, भीमा आणि सीना यांचा संगम आहे. संगमाच्या पाण्यानें पाप धुतलें जावें, ही भावना आपल्या या देशांत फार प्राचीन आहे, आणि तिच्या मुळाशीं असलेली शुद्धतेची तहान आदरणीय आहे. सर्व माणसांना ती तहान आहे. आपल्या शेजाऱ्यांपुढें आपली साक्ष इतकीच असावी कीं, आमची ही तहान भागली आहे; आणि ती भागली हें आमच्या बोलण्यावरून नव्हे, तर आमच्या बांधांवरून, आमच्या व्यवहारांवरून आणि आमच्या पंगतींवरून त्यांना दिसावें.

ज्युबिलीच्या वर्षांत आपण देवळाला रंग देऊं, घंटा वाजवूं, ही स्मरणपुस्तिका घरोघर नेऊं. हें सर्व उचितच आहे. परंतु रंग बाहेरून बसतो आणि काजळी आंत असते. म्हणून प्रत्येक कुटुंबानें या वर्षीं एक रात्र दारें लावून, दिव्याशीं एकत्र बसून, आपण कोणाचें देणें लागतों याचा विचार करावा. कोणाशीं बोलणें टाकलें आहे, कोणाची जमीन, मजुरी किंवा अब्रू आपल्याकडे अडकली आहे, हें एकमेकांस प्रामाणिकपणें सांगावें. दुसऱ्या दिवशीं दार उघडून, ज्याचें त्याला परत करून, मग पापनिवेदनास यावें. कोणी गोऱ्ह्याएवढें परत करील, कोणी मूठभर पिठाएवढें. देवाच्या वेदीपाशीं दोघांनाहि एकच क्षमा आहे.

असें झालें म्हणजे आपलें शिंग योग्य दिवशीं फुंकलें गेलें असें होईल. ज्या कोंकऱ्यानें जगाचें पाप वाहून नेलें तो प्रभु येशू ख्रिस्त आपल्या या धर्मग्रामावर, मंद्रूपच्या व पंचक्रोशीच्या सर्व घरांवर, आपल्या सर्व शेजाऱ्यांवर दया करो, आणि त्याची धन्य माता, जिनें पाखरांची जोडी घेऊन मंदिराची पायरी चढली, ती आपल्यासाठीं विनंती करो.

आमेन.